काटा बरोबर होता

१२ जून

आक्का,

पत्राच्या डोक्यावर नमस्कार लिहायचा असतो. तो लिहिला असं समज आणि पुढे वाच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद काळा करतोय.

काम एवढंच आहे. तुझी पत्र्याची ट्रंक, शिलाई मशीन आणि दोन रजया अजून आमच्याकडे पडून आहेत. ट्रंक दारामागे आहे आणि रोज कुणाच्या तरी पायाला लागते. येऊन घेऊन जा. रविवार सोडून ये, रविवारी हिला लाँड्रीची सुट्टी असते. तू समोर दिसलीस तर तुझी भावजय काय बोलेल याची हमी मी देऊ शकत नाही, आणि खरं सांगायचं तर तिला गप्प करायची माझी इच्छाही नाही.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. माझ्या पोरीचं, मुंगीचं ऑपरेशन वीस मेला झालं. निमोनियातून उठल्यावर तीन आठवडे नाकातल्या नळीनं दूध देऊन तिला ऑपरेशन सोसेल इतपत धडधाकट केली, मग आत नेली. बेंबीच्या वर, जरा डावीकडे, पेन्सिल जाईल एवढं भोक. त्यातून नळी थेट जठरात. चाळीस मिनिटं लागली. सर्जन बाई माझ्याहून लहान असतील. बाहेर येऊन म्हणाल्या, "छान झालं. हेच सहा महिन्यांपूर्वी झालं असतं तर..." टोपी काढली, केस सारखे केले आणि निघून गेल्या.

आता आमच्याकडे जेवण असं असतं. दांडा काढलेली मोठी सिरिंज नळीला जोडायची, हातभर वर धरायची आणि डब्यातल्या पावडरीचं दूध बेताबेतानं ओतायचं. आपोआप उतरतं. शेवटी पाणी सोडून नळी धुवायची. वीस मिनिटं. तू एका जेवणाला दीड तास लावायचीस. गाणी म्हणायचीस, गाल चोळायचीस, चमचा वाटीवर वाजवायचीस, आणि दीड तासानं निम्मं फडक्यावर, थोडं पोटात आणि थोडं फुप्फुसात. हे मी म्हणत नाही, छातीच्या एक्स-रेत दिसलं. जन्मताना पोरीच्या मेंदूला जे लागलं त्यात गिळणंही गेलं, हे डॉक्टर चार वर्षं कानीकपाळी ओरडत होते. तुझं आपलं एकच पालुपद: "माझ्या हातानं खाते ती. हळू खाते, पण खाते."

बरं, नळी नको होती तर उघड भांडायचं होतंस. तुला भांडता येत नाही असं तुझे शत्रूही म्हणणार नाहीत. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, दर महिन्याला वजन करू; वाढलं तर थांबू, नाही वाढलं तर नळी. त्यावर तू काय केलंस? वजनाच्या दिवशी रुग्णालयाच्या संडासात जाऊन तिचे लंगोट गरम पाण्यात बुचकळलेस, एकावर एक गुंडाळलेस, वरून प्लॅस्टिकची चड्डी चढवलीस आणि "सर्दी आहे हो तिला, कपडे नका काढू" म्हणून तशीच काट्यावर ठेवलीस. नोव्हेंबर ते मार्च. पाच वेळा. पोर घरात वाळत होती आणि कार्डावर बाळसं धरत होती. एप्रिलमध्ये तापानं फणफणली, अतिदक्षता विभागात सगळे कपडे उतरवून वजन केलं, तेव्हा सात किलो नऊशे. मार्चमध्ये कार्डावर होतं आठ किलो आठशे. चार वर्षांची पोर आहे, आक्का.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर ती ओळ आली. तू वाचली नाहीस, मी लिहून पाठवतो: "वजनाच्या नोंदींत आत्याने फेरफार केला. मुलीला आत्याजवळ एकटे ठेवू नये." हिनं ते कार्ड नेऊन तुझ्या पाळणाघराच्या बाईंना दाखवलं, हे मला मागाहून कळलं. त्यांनी तुला त्याच दिवशी घरी पाठवलं, तेही कळलं. मी काही बोललो नाही. काय बोलणार? पराचा कावळा असता तर बोललो असतो.

ट्रंकेची किल्ली तुझ्याकडेच आहे. येताना आण.

तुझा भाऊ

४ जुलै

आक्का,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. तीनच वाक्यं. "ट्रंक राहू दे. कार्डावरची ओळ काढायला सांग, मला कामावर कुणी घेत नाही. काटा तपासलास तेव्हा मी शेजारी होते आणि तू माझ्याकडे बघितलंस."

पोस्टकार्ड उघडं असतं, एवढं भान ठेवायचं होतंस. पोस्टमननं हिच्या हातात दिलं असतं म्हणजे? नशीब, माझ्या काट्यांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवलंस.

बघितलं म्हणजे काय? माणूस माणसाकडे बघतो. तू माझ्या डोळ्यासमोर उभी होतीस, मी काय छताकडे बघू?

तुला काय वाटतं ते मला कळतंय, म्हणून त्या दिवसाचं सगळं जसंच्या तसं लिहितो. फेब्रुवारी होता. रुग्णालयाचे सगळे काटे वर्षानुवर्षं मीच तपासतो, त्यात नवीन काही नाही. वजनाच्या खोलीतल्या सिस्टरनी मला बाजूला बोलावलं. त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी डोळ्यांना सुकलेली दिसते, आकडा मात्र महिन्याला शंभर ग्रॅम चढतोय. आमचा काटा जास्त दाखवत नाही ना? तुम्हीच सांगा, यातलं तुम्हाला कळतं." मी पेटी उघडली. पाच किलोचं प्रमाण वजन ठेवलं, पाच दाखवलं. दोन ठेवलं, एक ठेवलं, मग तिन्ही मिळून ठेवली. चारी कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं. एका ग्रॅमचा फरक नाही. मी म्हटलं, "सिस्टर, काटा बरोबर आहे." त्यावर त्या "मग ठीक" म्हणाल्या.

यात खोटं काय? काटा बरोबर होता. कोर्टात उभं केलंस तरी हेच सांगेन. त्यावर कुणी काय ठेवलं, हे काटा तपासणाऱ्याचं काम नाही. लोखंडाच्या दुकानात मी काटा तपासतो तेव्हा पोत्यात लोखंड आहे की दगड हे बघायला मला कुणी सांगत नाही.

आणि तू स्वतः केलेल्या गोष्टीचं खापर माझ्या माथी फोडू नकोस. लंगोट मी भिजवले नाहीत.

ओळ काढायची म्हणतेस तर ते माझ्या हातात नाही. रुग्णालयाचा कागद आहे, वाण्याची चिठ्ठी नव्हे. तुझी कामाची अडचण मला समजते. पाळणाघर सोडून दुसरं काही बघता येईल. शिवणकाम आहे. मशीन इथं आहे, ते तरी घेऊन जा.

मुंगी बरी आहे. आठ किलो सातशे. भोकाभोवती लालसर मांस वाढलं होतं, त्यावर औषध लावून जाळलं, आता कोरडं आहे. रात्रीचा खोकला थांबला. चार वर्षांत पहिल्यांदा या घरात सगळे एकाच वेळी झोपतात. चमचा भांड्यावर वाजला की मात्र अजून मान वळवते. परवा शेजारच्या घरात कुणीतरी चहा ढवळत होतं आणि ही बराच वेळ भिंतीकडे तोंड करून होती.

तुझा भाऊ

२० ऑगस्ट

आक्का,

दोन पत्रं फाडली. हे तिसरं, फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे.

आधी पोरीचं. जुलैअखेर लांब नळी काढून तिला बटण बसवलं. पोटावर शर्टाच्या गुंडीएवढं दिसतं, आतून पाण्याचा छोटा फुगा धरून ठेवतो. सोमवारी दुपारी तो फुगा फुटला. ही लाँड्रीत, मी दुकान बंद करून पोरीला पाजायला घरी आलेलो. झबलं वर केलं तर बटण बाजूला लोंबतंय आणि भोकातून दूध येतंय. सिस्टरनी शिकवून ठेवलंय की भोक वाट बघत नाही. दोन-तीन तासांत आवळायला लागतं, नळी आत गेली नाही तर पुन्हा चिरावं लागतं. सुटी नळी कपाटात असते. ती काढली, पाण्यात ओली केली, भोकाशी धरली. आक्का, या हातांनी मी शंभर मिलिग्रॅमचे काटे उघडतो. तो हात पुढे जाईना. पोर माझ्याकडे बघत होती. शेवटी नळी अर्धा इंच आत सरकवली, वर चिकटपट्टी लावली, आणि पोरीला उचलून तसाच रिक्षात बसलो.

वजनाच्या खोलीतल्या त्याच सिस्टर होत्या. त्यांनी नळी नीट आत घातली, नवीन बटण बसवलं, दहा मिनिटांचं काम. म्हणाल्या, "वेळेत आणलंत, भोक उघडं ठेवलंत, शाब्बास." मग हातमोजे काढताना सहज बोलल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. म्हणाल्या, "तुम्हाला खरं सांगू? फेब्रुवारीत मी ठरवलं होतं, आत्याबाई कितीही ओरडोत, आज हिला पूर्ण उघडी करूनच वजन करायचं. पण तुम्ही काटा तपासून दिलात. म्हटलं, बाप स्वतः या धंद्यातला, तो सांगतोय म्हणजे झालं. आणि मी सोडून दिलं."

मी पोरीचं झबलं नीट केलं आणि बाहेर आलो. जिन्यात बसलो. तिथे माणसं येत-जात होती, एका बाईनं "पाणी हवंय का" विचारलं.

तेव्हा आता ऐक, म्हणजे वाच. मला जानेवारीपासून माहीत होतं.

एके दिवशी हिला लाँड्रीत जास्तीचं काम होतं आणि तू दाताच्या डॉक्टरकडे गेली होतीस, म्हणून मुंगीला मी दुकानात नेली. दुरुस्त केलेला एक सपाट काटा तपासायला मांडला होता. गंमत म्हणून तिला त्यावर निजवलं. आठ किलो दीडशे. मला वाटलं काटा चुकतोय. प्रमाण वजनं ठेवली, काटा बरोबर. पुन्हा पोरीला ठेवली, आठ किलो दीडशे. दोनच दिवसांनी रुग्णालयाच्या कार्डावर आठ किलो सहाशे आलं. धंद्यातला माणूस आहे मी. दर महिन्याला नेमके शंभर ग्रॅम, पट्टीनं आखल्यासारखे. कुठलं पोर असं वाढतं? त्या दिवशी तुला न्यायला रुग्णालयात आलो तेव्हा तू बेसिनवर लंगोट पिळत होतीस. तुझी पाठ माझ्याकडे होती. मी आलो तसा मागे फिरलो आणि फाटकाशी जाऊन उभा राहिलो. तू आल्यावर विचारलं, "किती भरलं?" तू म्हणालीस, "वाढलंय." आणि मी म्हणालो, "चला, बरं झालं."

का गप्प बसलो? तुला सांगायला हरकत नाही, लहानपणापासून माझी सगळी सोंगं तू बघितली आहेस. मला ते भोक नको होतं. डॉक्टर कागदावर चित्र काढून दाखवायचे आणि मी खिडकीबाहेर बघायचो. वाटायचं, एकदा पोट फाडून नळी घातली म्हणजे ही कधी जेवणार नाही, कधी बोलणार नाही, आपल्यासारखी होणारच नाही हे कायमचं ठरलं. तोवर आशेला जागा होती. तू लंगोट भिजवून मला दर महिन्याला ती आशा आणून देत होतीस आणि मी मिटक्या मारत घेत होतो. मला नुसतं तुझ्याकडे बोट दाखवायची सोय होती. झाकली मूठ तुझी होती, फायदा माझाही होता.

तरी फेब्रुवारीत अजून वेळ होता. सिस्टरनी विचारलं तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं, "काटा बरोबर आहे, पोरीचे कपडे काढून बघा." अर्धंच बोललो. हो, तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं. तू घाबरली होतीस. माझं वाक्य ऐकून तुझा चेहरा सैल झाला, तेही मी बघितलं.

आणि एप्रिलमध्ये, पोर काचेपलीकडे नळ्यांत गुंडाळलेली असताना, ही तुला सगळ्यांसमोर "तू माझ्या पोरीला उपाशी मारलीस" म्हणाली. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी तुला म्हटलं, "घरी जा आणि तुझं सामान भर." तू शब्द काढला नाहीस. त्या वेळी बोलली असतीस तर फार बरं झालं असतं. आता तुझ्या गप्प बसण्याचाही मला राग येतो, बघ. उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

हिला सांगणार आहे. रविवारी सांगतो.

भाऊ

२४ ऑगस्ट

आक्का,

सांगितलं.

दुपारचं दूध चाललं होतं. सिरिंज हिच्या हातात होती, मी समोर बसून बोललो. जानेवारी, दुकानातला काटा, बेसिन, सिस्टर, सगळं. दूध संपेपर्यंत तिनं सिरिंज तशीच धरून ठेवली, हात हलला की पोरीला उलटी होते. पाणी सोडलं, बटणाचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मला डिसेंबरपासून माहीत होतं."

मी म्हटलं, "काय माहीत होतं?"

"अहो, या घरात लंगोट कोण धुतं? वन्सं रुग्णालयातून आल्या की पिशवीत चार-पाच लंगोट असायचे. पिळलेले. ना शीचा वास, ना शूचा. दिवसभर ओल्या कापडांचं वजन करते मी. ओली चादर किती, कोरडी किती, डोळे मिटून सांगते. मला कळणार नाही?"

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. तर म्हणाली, "टेबलावरून परत येणार नाही असं वाटायचं मला. एवढासा जीव, भूल कशी सोसणार? वन्संनी एक महिना पुढे ढकललं की मला एक महिना मिळायचा. मी दर वेळी देवाचे आभार मानून ते लंगोट धुतले."

"आणि तरी तूच तिला घालवलीस. पाळणाघरात कार्ड घेऊन तू गेलीस."

यावर ती जे बोलली ते मी तुला कळवू नये. पण निम्मं सांगायची सवय मला मोडायची आहे. म्हणाली, "कुणाचं तरी नाव लागणारच होतं. मी आई आहे. तुम्ही बाप आहात. त्या काय, आत्या. आणि पाळणाघरात एवढ्यासाठी गेले की मला स्वतःलाच ते खरं वाटायला हवं होतं. चार लोकांना सांगितलं की खरं वाटायला लागतं."

रडली नाही. उठून सिरिंज धुतली आणि पालथी घालून ठेवली. मग आम्ही दोघं पोरीच्या अंथरुणाच्या दोन बाजूंना बसलो आणि पोर आपली पायाचा अंगठा धरायच्या खटपटीत होती. हल्ली तिला तेवढी ताकद आली आहे.

तर असं आहे. तिघांनी मिळून केलं, प्रत्येकानं दुसऱ्यापासून लपवलं, आणि बाहेर काढायच्या वेळी जी घरात उपरी होती तिला काढलं. नवरा गेल्यावर तुला मीच आणली होती ना, "माझं घर ते तुझं घर" म्हणून? ते वाक्यही अर्धंच होतं म्हणायचं.

तुला परत ये म्हणायला तोंड नाही. हिला विचारलं होतं. म्हणाली, "त्यांनी यावं असं मलाही वाटतं, पण रोज सकाळी उठून त्यांचं तोंड कसं बघू?"

भाऊ

१० सप्टेंबर

आक्का,

तुझं दुसरं कार्ड आलं. "सगळं कळलं. आता तू काय करणार?" या वेळी एकच ओळ, आणि तीही दुकानाच्याच पत्त्यावर. मी काय केलं ते लिहितो. खूश होशील असं त्यात काही नाही.

गेल्या आठवड्यात रुग्णालयात गेलो. मुंगीचं वजन होतंच. मी स्वतः तिचे सगळे कपडे उतरवले, नऊ किलो चारशे भरली. सिस्टर आनंदल्या. त्यांना म्हटलं, "कार्डावरची ओळ चुकीची आहे, ती काढा." त्यांना सगळं सांगितलं, माझ्यापुरतं. ऐकताना त्यांचा चेहरा जो बदलला तो मी विसरणार नाही. ओरडल्या असत्या तर चाललं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी तुमच्यावर विसंबले होते हो." आणि ड्रॉवरमधून फाइल काढली.

ओळ निघत नाही, आक्का. मला वाटलं खोडतील, सही करतील, संपेल. सिस्टर म्हणाल्या, "आम्ही फाइलमध्ये खोडत नाही कधी. खाली लिहितो." तुझ्या ओळीखाली नवी ओळ लिहिली: "वडिलांना याची कल्पना होती व त्यांनी ती दडवली." तारीख टाकली, कार्डावरही तेच उतरवलं. माझी सही घेतली. तुझी ओळ होती तशीच वर राहिली. तुला सोडवायला गेलो आणि तुझ्याशेजारी जाऊन उभा राहिलो, बस्स.

मग त्यांनी समाजसेविका बाईंना बोलावलं, नियम आहे म्हणे. बाई शांत होत्या. दुसऱ्या खुर्चीवर बसून मला समजावून सांगितलं. अशा मुलीला घरी ठेवायचं तर घरात निदान एक माणूस असं लागतं, ज्याच्या भरवशावर तिला सोडता येईल. नळीचं काम आहे, एखाद्यानं पुन्हा लपवालपवी केली तर जीव जायचा. असं एकही माणूस नसेल तर मुलीला संस्थेत ठेवायचं का, ते बालकल्याण समिती ठरवते. मग त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, "आईला माहीत होतं?"

मी म्हटलं, "नाही."

"नक्की?"

"नक्की. तिला कळलं असतं तर तिनं त्याच दिवशी आमची गचांडी धरली असती."

त्यांनी तसं लिहून घेतलं. बाई उठून गेल्यावर सिस्टरनी माझ्याकडे बघत फाइल मिटली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली.

तिथून थेट पाळणाघरात गेलो. बाईंना ते कार्ड दाखवलं. म्हटलं, माझ्या बहिणीनं एकटीनं केलं नाही, मी सामील होतो. त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या. म्हणाल्या, "म्हणजे आधी एक नाव होतं, आता दोन झाली. यानं माझ्याकडच्या मुलांच्या आयांचं समाधान कसं होणार?" मी तसाच उभा राहिलो तेव्हा त्यांनाच अवघडल्यासारखं झालं असावं. म्हणाल्या, मुलांजवळ नाही ठेवता येणार, पण भांडी घासायला आणि फरशी पुसायला माणूस हवं आहे, येत असेल तर पाठवा. चौदा वर्षं तू तिथं पोरं निजवलीस, आणि मी तुझ्यासाठी भांड्यांचं काम मिळवून आणलं. निरोप पोचवतो. घ्यायचं की नाही, तू बघ.

रुग्णालयानं काट्यांचं काम दुसऱ्याला दिलं. ते व्हायलाच हवं होतं. त्यात मला काही म्हणायचं नाही.

आता खरं कारण. एवढं लांबण लावलं ते यासाठी की हे लिहायला हात धजत नव्हता.

हिला माहीत होतं, हे जगात तीन माणसांना ठाऊक आहे: तिला, मला, आणि मी ते चोवीस तारखेच्या पत्रात लिहून पाठवलं म्हणून तुला. तुझ्याकडे माझ्या अक्षरात आहे ते. तू ते पत्र घेऊन रुग्णालयात गेलीस तर तुझ्या ओळीखाली तिसरी ओळ लिहिली जाईल. पाळणाघराच्या बाईंनाही मग कळेल की तुला घराबाहेर काढून तुझं काम घालवणारी स्वतः किती धुतल्या तांदळासारखी होती. तुझं नाव थोडं तरी हलकं होईल. आणि त्याच दिवशी मुंगीचा कागद समितीपुढे जाईल. तिला दिवसातून सहा वेळा दूध लागतं. संस्थेत एका बाईकडे अशी अकरा मुलं आहेत, मी जाऊन बघून आलो.

तेव्हा जिला आम्ही आमचं लपवायला घराबाहेर काढलं, तिलाच मी पुन्हा म्हणतोय की गप्प बस. याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, तू शब्द शोधत बसू नकोस. माफी मागितली असती, पण माफी मागून लगेच काम सांगायचं हेही बरं दिसत नाही.

पोरीसाठी म्हणून मागतो असं म्हणायची सोय आहे. तसं म्हणत नाही. पोरीसाठी म्हणूनच तू लंगोट भिजवलेस आणि पोरीसाठी म्हणूनच मी गप्प बसलो. हिनंही तिच्यासाठीच ते धुतले. मी माझ्यासाठी मागतोय. घरातून पोर गेली तर मी राहणार नाही.

गप्प बसायचं नसेल तर तो तुझा हक्क आहे, आणि मी तुला अडवायला येणार नाही. मला उत्तर लिहिण्यात वेळ घालवू नकोस. सरळ समाजसेविका बाईंना लिही. कार्डाची झेरॉक्स सोबत टाचली आहे, रुग्णालयाचा पत्ता वर डाव्या कोपऱ्यात आहे.

तुझा धाकटा भाऊ